दिवाळीनंतरचा अभ्यासक्रम

१६ एप्रिल २०२५ रोजी राज्य सरकारनं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करणारा शासन निर्णय काढला. १७ जूनला सक्ती जाऊन हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल असं आलं. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमत असल्याचं जाहीर झालं. पहिलीतल्या लेकरावर तिसरी भाषा लादू नये, हे कळायला समिती कशाला लागते हा प्रश्न राहू द्या. निर्णय मागे गेला हे चांगलंच झालं. पण त्या अडीच महिन्यांतल्या चर्चेचं काय? बाजू घेणारे देशाच्या एकात्मतेवर बोलत राहिले, विरोध करणारे मराठीच्या अस्मितेवर. त्याच्या थोडं आधी राज्याच्या शाळांत 'सीबीएसई पॅटर्न' आणण्यावरून असंच झालं होतं. एका गटाला राज्याचं पुस्तक मागासलेलं वाटत होतं, तर दिल्लीच्या पुस्तकात शिवरायांचा इतिहास आकसणार अशी दुसऱ्याला धास्ती होती. त्याच्याही आधी एनसीईआरटीच्या पुस्तकांतून मुघल किती गेले, दहावीतून उत्क्रांती का गेली, यावर महिनोन्महिने रणं पेटली. यातला एकही प्रश्न खोटा नाही; उत्क्रांती वगळणं तर मला अक्षम्य वाटतं. तरी या सगळ्या भांडणांचा साचा एकच आहे: पुस्तकात काय घालायचं आणि काय काढायचं. ते पुस्तक कुणाच्या हातात असतं आणि वर्षातले किती दिवस असतं, हे विचारायला कुणालाच सवड झालेली नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. राष्ट्रीय अभ्यासक्रमानं फार थोड्या गोष्टी सांगाव्यात, त्या ठामपणे सांगाव्यात, आणि त्या प्रत्येक मुलापर्यंत पोचतील एवढा वेळ कुठून आणायचा हेही त्यातच लिहावं. वाट कोणती धरायची ते शाळेनं ठरवावं. आज नेमकं उलटं चाललंय. वाटेचा इंच न् इंच आखलेला आहे, आणि मूल मुक्कामी पोचलं की नाही याची जबाबदारी कुणाच्याच नावावर नाही.

वेळेबद्दल मी एवढं का बोलतोय ते मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगावं लागणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हावं असं लिहिलंय. आता बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात या. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी गावोगावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरू लागतात. भांडीकुंडी, सरपण, शेरडं, कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली लेकरं. कोयता, म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उतरतो. तिथं कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, पडते. अकरा वर्षांची पोरगी कोपीत धाकट्याला सांभाळते, तिचा भाऊ वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून विकायला जातो. गावात आजीजवळ राहता आलं असतं, पण आजीच थकलेली असते, नाहीतर तीही निघालेली असते. 'लेकराला ठेवावं कुणापशी?' या प्रश्नाला गुरुजींकडे उत्तर नसतं. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परत येतात तेव्हा गुढीपाडवा गेलेला असतो, वार्षिक परीक्षा आलेली असते किंवा होऊन गेलेली असते.

याचा शैक्षणिक अर्थ नीट पाहायला हवा. 'ही मुलं अर्धं वर्ष बुडवतात' एवढंच म्हणून आपण थांबतो. पण बुडणारं अर्धं वर्ष दरवेळी तेच असतं. पुस्तकाच्या उत्तरार्धात जे जे छापलेलं असतं ते या मुलांना कधीच भेटत नाही. जूनमध्ये वरच्या वर्गात बसल्यावर तो न भेटलेला उत्तरार्ध गृहीत धरून नवं पुस्तक सुरू होतं आणि दिवाळीला तेही अर्ध्यावर सुटतं. सातवीपर्यंत पोचलेल्या अशा मुलाकडे सात पूर्वार्ध असतात. याला कमी शिक्षण म्हणणंही बरोबर नाही. या जिन्याची दर दुसरी पायरी काढून घेतलेली आहे, आणि वर चढता येत नाही म्हणून आपण चढणाऱ्याला नापास करतो. नापास करायची सोयही आता परत आलीय: २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यानं पाचवी-आठवीची परीक्षा पुन्हा आणली.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. ऊसतोडीच्या तळावर साखरशाळा झाल्या, मागं राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं आली, जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. जिथं चांगला मुख्याध्यापक आणि चांगली गावकरी मंडळी आहेत तिथं या योजनांनी शेकडो मुलं गावात ठेवली. पण या सगळ्या योजना मुलाला अभ्यासक्रमाच्या मापात बसवू पाहतात. अभ्यासक्रमालाच मुलाच्या वर्षाचं माप घेऊन बसवावं, हे कुठल्याच मसुद्याच्या डोक्यात येत नाही.

इथं माझ्याविरुद्ध तीन मुद्दे येतात, आणि तिन्ही दमदार आहेत.

पहिला लातूरचा. परभणीच्या, नांदेडच्या, उदगीरच्या पालकानं पोराला लातुरात खोली करून दिली, मेस लावून दिली, ती कशासाठी? 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी. नीट कशावर बेतलेली? मुख्यतः एनसीईआरटीवर. मग राज्याचा अभ्यासक्रम वेगळा ठेवून आपल्याच मुलांच्या पायात खोडा का घालता, असं तो पालक विचारतो आणि त्याचं बरोबर आहे. त्यात पुण्याला, हैदराबादला, सुरतेला बदलीनं किंवा पोटापाण्यासाठी जाणाऱ्यांची भर घाला. देशभर काहीतरी समान असलंच पाहिजे.

दुसरा मुद्दा जुना आहे आणि जास्त बोचरा आहे. 'स्थानिक', 'जीवनाशी जोडलेलं' शिक्षण नेहमी गरिबाच्याच वाट्याला का येतं? हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा योजनेवरही हा आक्षेप होता: कुणब्याच्या पोरानं टकळी फिरवायची आणि वकिलाच्या पोरानं इंग्रजी शिकायचं. ऊसतोड्याच्या मुलीला उसाचं गणित शिकवून तुम्ही तिला उसातच ठेवणार का?

तिसरा मुद्दा मराठवाड्यानं स्वतःच्या अंगावर झेललेला आहे. गावाच्या हाती अभ्यासक्रम द्यायचा म्हणजे गावातल्या कुणाच्या हाती? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं होतं, तेव्हा अनेकांना राग आला. त्यांना खोटं पाडायची संधी आपल्याला मिळाली होती, आणि मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा जुलै १९७८ चा ठराव १४ जानेवारी १९९४ ला अमलात येईपर्यंत आपण काय केलं ते इथल्या दलित वस्त्यांना विचारा. जाळलेली घरं 'स्थानिक ज्ञाना'नंच जाळली होती. त्यामुळे स्थानिक म्हणजे आपोआप चांगलं, ही शहरी भाबडेपणातून आलेली समजूत मला मान्य नाही.

तिसऱ्यापासून उलटं येऊ. या मुद्द्यातून सिद्ध काय होतं? समता, पुरावा मागण्याची सवय, संविधानातली मूल्यं या गोष्टी गावाच्या मर्जीवर सोडता येत नाहीत. कबूल. त्या राष्ट्रीय गाभ्यात असाव्यात आणि त्यावर तडजोड नको. पण यातून आठवड्याला कुठला धडा, कुठल्या महिन्यात कुठली घटक चाचणी, हेही मुंबईनं किंवा दिल्लीनं ठरवावं असं मुळीच सिद्ध होत नाही. उलट, गाभा जितका जाड होत जातो तितकी मूल्यं त्यात दडपली जातात. पोर्शन संपवायच्या घाईत नागरिकशास्त्राचा तास कुणाचा कापला जातो, हे कुठल्याही शिक्षकाला माहीत आहे.

इंग्लंडचं उदाहरण इथं बोलकं आहे. १९८८ च्या कायद्यानं तिथं पहिल्यांदा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. हेतू अगदी वाजवी होता, शाळाशाळांतली दरी बुजवायची. पण दहा विषयांसाठी वेगवेगळे गट बसले आणि प्रत्येकानं आपला विषय हा जगातला एकमेव विषय असल्यासारखं लिहून काढलं. गठ्ठा एवढा झाला की १९९३ मध्ये शिक्षकांनी चाचण्यांवर बहिष्कार घातला, आणि सर रॉन डिअरिंग यांना अभ्यासक्रम छाटायचं काम द्यावं लागलं. आपणही त्याच वाटेवर आहोत. २०२० चं शैक्षणिक धोरण स्वतः सांगतं की आशय गाभ्यापुरता कमी करा. त्या धोरणावरून २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा जो राष्ट्रीय आराखडा आला तो जवळजवळ सहाशे पानांचा आहे. त्यातलं बरंचसं वाचनीय आहे, काही भाग तर सुंदर आहे. पण तीन इयत्ता एका खोलीत शिकवणारे, वर मतदारयाद्या आणि खिचडीचा हिशेब सांभाळणारे गुरुजी त्यातून काय उचलणार? ते उचलतात ते शाळा तपासायला येणारे केंद्रप्रमुख विचारतील तेवढंच: पाठाचं टाचण काढलं का, किती धडे झाले.

कमी करण्याचंही एक भय असतं, ते मान्य करतो. जपाननं २००२ मध्ये आशय जवळजवळ तीस टक्क्यांनी कापला, पालक खासगी शिकवण्यांकडे धावले, आणि दहाएक वर्षांत बरंच काही परत घालावं लागलं. यातून मी शिकतो ते हे: सरसकट कापू नका. कशावर काहीही तडजोड नाही ते आधी ठरवा, मग उरलेलं मोकळं सोडा. दप्तराचं ओझं कमी करायला म्हणून आपल्याकडे पुस्तकांचे चार भाग करून त्यात वहीची कोरी पानं शिवण्याचा प्रयोग झाला आणि दोन वर्षांत गुंडाळला गेला. अभ्यासक्रमाचं वजन किलोत मोजायला गेलं की असंच होणार.

आता दुसरा मुद्दा, गरिबाला गरिबाचं शिक्षण. याचं उत्तर मला जोतीराव फुल्यांत सापडतं. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं त्यांनी जे निवेदन दिलं त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी आहे, आणि त्याच कागदात अभ्यासक्रमही आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. खेड्यातल्या शाळेत विषय कमी असले तरी चालतील, पण उपयुक्तता कमी नको, असंही ते म्हणतात. शेती शिकवायची तर शाळेजवळ नमुन्याचं लहानसं शेत हवं, हेही सुचवतात. गंमत अशी की फुल्यांवर 'कुणब्याला कुणबी ठेवतोय' हा आरोप कुणी करू शकत नाही. कारण त्यांची यादी आखूड असली तरी ती सक्तीची होती, सगळ्यांसाठी होती, आणि तिच्यात हिशेब होता. सावकाराच्या वहीतली लबाडी ओळखायला लागतो तो हिशेब. १४० वर्षांनंतर आपण सहाशे पानं लिहिली, पण तेवढी हमी देऊ शकलो नाही. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, हे 'असर' या शैक्षणिक पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत.

उसाच्या गणिताचा विषय निघालाच आहे तर एक गणित मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते धरतो. एका कोयत्यानं मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, एक लाख उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. तोडणीची मजुरी टनाला ३५० रुपये. नवरा-बायको मिळून दिवसाला सरासरी दोन टन तोडतात. पोटापाण्याला आठवड्याला दीड हजार खर्ची घेतात. उचल कधी फिटेल? आठवड्याची कमाई ४,९०० रुपये, खर्ची जाऊन उरले ३,४००. एक लाखाला ३,४०० नं भागलं तर जवळजवळ साडेएकोणतीस आठवडे होतात, आणि तेही एकही खाडा न धरता. हंगाम धरा बावीस आठवड्यांचा. तेवढ्यात फिटले ७४,८००. बाकी २५,२०० रुपये, म्हणजे पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाची ट्रॉली. गुणाकार, वजाबाकी, भागाकार, सरासरी, दर आठवड्याला किती नि हंगामाला किती: पाचवी-सहावीच्या अंकगणिताचा मोठा भाग या एका उदाहरणात आला. ही मुलगी हे गणित सोडवू शकली तर ती उसात अडकेल की उसातून बाहेर पडायचा हिशेब मांडेल? आणि हेच गणित पुण्यातल्या कोथरूडच्या शाळेत का नसावं? आपल्या चहातली साखर कुणाच्या उचलीतून आली हे तिथल्या मुलानं भागाकार करून काढायला काय हरकत आहे? ऊसतोड्याच्या मुलीला उलट चक्रवाढ व्याज, विमा, बँकेचं पासबुक यावं. वाट गावची, मुक्काम सगळ्यांचा एक. दोघांची परीक्षा एकच असावी, म्हणजे 'गरिबाचं शिक्षण' हा आरोप उरणार नाही.

विज्ञानातही हेच. भूकंपाचा धडा सगळीकडे असतो. पण ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीत माणसं मेली ती नुसत्या भूकंपानं नव्हे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, यांखाली ती झोपेत गाडली गेली. दख्खनचं पठार स्थिर समजलं जात होतं, नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. औसा-उमरग्याच्या मुलांनी घराच्या भिंती, छताचं वजन, जोडणी यांवरून बल आणि संतुलन शिकावं. त्यापेक्षा चांगला भौतिकशास्त्राचा धडा मला तरी माहीत नाही. शेवटी त्यांना जो प्रश्न विचारायचा तो गुवाहाटीच्या मुलालाही विचारता यावा.

राहिला लातूरचा मुद्दा. लातूर पॅटर्न नेमका कशामुळे झाला? कसं शिकवायचं हे लातूरला कुणी शिकवलेलं नव्हतं. मुक्काम स्पष्ट होता, वाट त्यांनी स्वतः काढली: सराव, चाचण्या, पुन्हा सराव. म्हणजे लातूर माझ्याच बाजूची साक्ष देतं. फक्त तो मुक्काम निवड परीक्षेचा आहे, आणि निवड परीक्षेचं कामच बहुतेकांना बाहेर ठेवणं हे असतं. अकरावी-बारावीचं विज्ञान देशभर सारखं ठेवा, माझी हरकत नाही. पण त्या परीक्षेची सावली खाली खाली सरकत सहावीच्या 'फाउंडेशन' शिकवणीपर्यंत आलीय, आणि पहिलीचं पुस्तक कुठल्या पॅटर्नचं असावं हेही आता नीटच्या भाषेत बोललं जातं. सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकाचा डॉक्टरकीशी काय संबंध?

वाट वरून ठरवली की काय होतं, ते आमच्या आजोबांच्या पिढीनं पाहिलंय. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. त्या धोरणाचं श्रेय आधी देऊ या: १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठानं आधुनिक ज्ञान भारतीय भाषेत शिकवता येतं हे करून दाखवलं, त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं उभं केलं. मराठीवाल्यांना आजही ते जमलेलं नाही. पण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्याच धोरणाची भिंत झाली. भिंतीला वळसा घालायला हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, औरंगाबादचं सरस्वती भुवन अशा शाळा उभ्या राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्यात आणि अंबाजोगाईत मास्तर होते, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या पुढाऱ्याचं काम नंतर आलं. या शाळा मुक्कामाच्या बाबतीत राजधानीपेक्षा जास्त मागणी करत होत्या. त्यांना मोकळीक हवी होती ती वाटेची.

मग नेमकं काय करायचं? तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलानं समजून वाचावं आणि साधा हिशेब करावा, हे केंद्राच्या 'निपुण भारत' मोहिमेनं २०२१ मध्ये ठरवलंच आहे. आठवीपर्यंतची अशीच आखूड यादी करा, दहा पानांत मावेल एवढी. ती यादी पहिल्या सत्रात, जून ते ऑक्टोबरमध्ये बसवा. विस्तार, उजळणी, प्रकल्प दुसऱ्या सत्रात जाऊ द्या. पुस्तक सलग न ठेवता सुटे भाग करा, कोपीवरच्या साखरशाळेतही तिसरा भाग तिथूनच पुढे चालू करता येईल असे. परत आलेल्या मुलांसाठी एप्रिल-मेमध्ये वर्ग चालवा, आणि त्या शिक्षकाला त्याचा वेगळा पगार द्या, फुकटची सेवा मागू नका.

यावरची एक शंका मला खरोखर छळते. स्थलांतर धरून अभ्यासक्रम बेतला की स्थलांतराला मान्यताच दिल्यासारखं होईल. सरकार म्हणेल, बघा, सोय केली, आता जा ऊस तोडायला. शिवाय दुसरं सत्र हे 'विस्तारा'चं म्हटलं की गावात राहणाऱ्यांना विस्तार आणि जाणाऱ्यांना नुसता गाभा, अशी नवी उतरंड तयार होईल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की आज जाणाऱ्यांना गाभाही मिळत नाही, आणि मराठवाड्यातलं पाणी, शेती, रोजगार सुधारून कोयता हातातून सुटायची वाट पाहायची तर आज दुसरीत असलेली मुलगी तोवर स्वतः कोयता झालेली असेल.

आणि ही मुलं कधी निघणार हे सरकारला कळत नाही असंही नाही. दरवर्षी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिसमिती बसते आणि ऊस गाळप १ नोव्हेंबरला सुरू करायचं की १५ नोव्हेंबरला हे ठरवते. त्या बैठकीच्या बातमीत एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, असते, कारखान्यांची संख्या असते, किती लाख टन ऊस उभा आहे तेही असतं. त्या तारखेनं किती लेकरांची शाळा सुटणार, हा आकडा मी त्या बातमीत कधी वाचलेला नाही. गाळपाची तारीख जाहीर होईल त्याच कागदावर तो छापा, आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी प्रत्येक इयत्तेचं काय काय शिकवून झालेलं असेल हे खाली लिहा. हिंदी पहिलीपासून की पाचवीपासून, यावर त्यानंतर खुशाल भांडू.